झुळूक लागते तिथे भोक नसतं: इंग्लंडातल्या नव्या घराच्या फटी बुजवताना

इंग्लंडात नवंकोरं घर घेतलेल्या आपल्या मंडळींकडून पहिल्या थंडीत हमखास एकच तक्रार ऐकू येते. घर ऊर्जेच्या दाखल्यावर बी रेटिंगचं, बॉयलर नवा, हीटिंग चालू, तरी सोफ्यावर बसलं की पायाला गार वारा लागतो. मग घरातला कोणीतरी उत्साहाने खिडकीला चिकटवायची फोमची पट्टी आणतो. ती लावून होते, आणि वारा जिथल्या तिथे. कारण नव्या घरात खिडकी बहुतेक वेळा निर्दोष असते.

मी मूळची कराडकडची, सिव्हिल शिकलेली, काही वर्षं पुण्यात साइटवर काढलेली. आपल्याकडे घरात हवा खेळती हवी, एवढाच नियम. दाराखालच्या फटीची दखल घ्यायची ती उंदीर आणि पावसाचं पाणी यांच्यापुरती. बेडफर्डजवळ आम्ही सेमी-डिटॅच्ड, म्हणजे एक भिंत शेजाऱ्याशी सामाईक असलेलं घर घेतलं, त्यानंतर मी हा विषय हाताने शिकले. आता ओळखीतल्या नव्या घरांमध्ये मला टॉर्च घेऊन बोलावतात, चहा-पोह्यांवर. त्या सगळ्या घरांतून जे कळलं ते इथे लिहिते.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगून टाकते. जिथे झुळूक लागते तिथे भोक नसतं. भोक दुसरीकडे असतं, आणि बुजवायचं ते तिकडचं.

भिंतीच्या आत काय आहे

इथली नवी घरं बाहेरून विटेची दिसतात. भिंतीचा छेद घेतला तर बाहेर वीट, मग पोकळी आणि त्यात इन्सुलेशन, मग ब्लॉकची आतली भिंत. त्या ब्लॉकवर आपल्यासारखा गिलावा नसतो. चिकटवणीचे गोळे थापून त्यांवर प्लास्टरबोर्ड दाबून बसवलेला असतो. याला इथे डॉट अँड डॅब म्हणतात. बोर्ड आणि ब्लॉक यांच्यामध्ये बोटभर जागा मोकळी राहते. भिंतीवर टकटक करत गेलात तर गोळा कुठे आहे आणि पोकळ कुठे आहे ते आवाजावरून कळतं.

ही बोर्डामागची पोकळी म्हणजे चाळीची गॅलरी. एका टोकाने शिरलेला माणूस कुठल्याही खोलीच्या दारात उगवू शकतो. सिंकखाली सांडपाण्याच्या पाइपासाठी ब्लॉकमध्ये पाडलेल्या भोकातून हवा शिरते, बोर्डामागून पसरते, आणि हॉलमधल्या सॉकेटातून किंवा स्कर्टिंगच्या, म्हणजे भिंतीच्या तळाशी ठोकलेल्या पट्टीच्या, खालून तुमच्या पायाशी बाहेर येते. तुम्ही स्कर्टिंगची फट बुजवली की ती पुढच्या सॉकेटातून येते. तोही बुजवलात तरी भिंत आतून गारच राहते, कारण वारा बोर्डाच्या पाठीमागे फिरतोच आहे.

नियमाप्रमाणे गोळ्यांबरोबरच बोर्डाच्या चारही कडांना, खिडक्यांच्या आणि सॉकेटांच्या भोवतीही चिकटवणीची सलग पट्टी द्यायची असते. तशी दिली तर हवा तिथल्या तिथे अडते. पण ती पट्टी बोर्ड लागल्यावर कोणाला दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते साइटवर कसं होतं हे पुण्यात काम केलेल्या माणसाला सांगायला नको.

टेस्टचा आकडा मागा आणि वाचा

१५ जून २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार इंग्लंडात प्रत्येक नव्या घराची हवाबंदपणाची टेस्ट व्हावी लागते. आधी नमुन्यादाखल काही घरांची व्हायची. जुन्या नियमांखाली मंजुरी मिळालेली कामं पुढेही काही काळ चालू होती, त्यामुळे तुमचं घर नक्की कोणत्या नियमाखाली बांधलं ते बिल्डरला विचारा. दाराच्या चौकटीत पंखा बसवून घरातली हवा ओढतात किंवा घरात हवा भरतात, आतबाहेर ५० पास्कलचा फरक धरतात आणि तो टिकवायला पंख्याला किती हवा हलवावी लागते ते मोजतात. ५० पास्कल म्हणजे पाण्याच्या जेमतेम ५ मिलिमीटर उंचीचा दाब. ऐकायला किरकोळ, पण फटी शोधायला पुरतो.

आकडा येतो तो घराच्या सगळ्या बाह्य पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे तासाला किती घनमीटर हवा, असा. कमाल मर्यादा ८, पूर्वी ती १० होती. नियमांत तुलनेसाठी जे कल्पित घर धरतात त्याचा आकडा ५. जर्मन पासिव्हहाउसची अट वेगळ्या मापात, म्हणजे घरातली सगळी हवा तासाला किती वेळा बदलते त्यात, ०.६ असते, त्यामुळे दोन्ही आकडे समोरासमोर ठेवून हळहळू नका.

साधारण ९० चौरस मीटरच्या दुमजली सेमी-डिटॅच्ड घराचा जमीन, छत आणि भिंती मिळून पृष्ठभाग २३० चौरस मीटरच्या आसपास भरतो. आकडा ४.८ असेल तर ५० पास्कलला तासाला सुमारे ११०० घनमीटर हवा. घरातली एकूण हवाच २१६ घनमीटरच्या आसपास, म्हणजे तासाला पाच वेळा बदल. रोजच्या वाऱ्यात एवढा दाब नसतो. ढोबळ ठोकताळा वीसने भागायचा आहे. म्हणजे हिवाळ्यात दर चार तासांनी तुमची पैसे देऊन तापवलेली सगळी हवा घराबाहेर.

बिल्डरकडून या टेस्टचं प्रमाणपत्र मागा. त्याबरोबर घर ऊर्जेच्या नियमांत बसतं हे दाखवणारा अहवाल आणि बांधकामादरम्यान काढलेले फोटोही मागा, २०२२ नंतरच्या नियमांनी ते फोटो काढणं बंधनकारक आहे. फोटोत पाइपांभोवतीची भोकं, बोर्डाच्या कडा, खिडकीचा सांधा दिसला तर अर्धं काम घरबसल्या होतं. टेस्टच्या आदल्या दिवशी स्कर्टिंगच्या वरखाली पांढरं कॉक (फटी बुजवायचं लुकण) फिरवून आकडा पास करून घ्यायची पद्धत इथे सगळ्यांना ठाऊक आहे. वर्षभरात लाकूड आणि प्लास्टर सुकतं, कॉक फाटतं, आणि प्रमाणपत्रावरचा आकडा प्रमाणपत्रावरच राहतो.

काय बुजवायचं नाही

हे आधी, कारण उत्साही लोक इथेच घोळ घालतात.

खिडकीच्या वरच्या चौकटीतली सरकती चीर म्हणजे ट्रिकल व्हेंट. ती श्वासासाठी आहे. थंडीत बंद करून टेप लावणारे लोक मार्चमध्ये कपाटामागच्या बुरशीचे फोटो पाठवतात. बाहेरच्या विटांमध्ये, खिडकीच्या वर आणि जमिनीलगत, प्लॅस्टिकच्या उभ्या बारीक चिरा दिसतील. त्या पोकळीत शिरलेलं पावसाचं पाणी बाहेर काढायला आहेत, त्यांत सिलिकॉन भरलंत तर पाणी आत येईल. तळमजल्याची जमीन मातीवर न टेकता अधांतरी असेल तर जाळीच्या विटा तिला हवा देतात. छताच्या वळचणीची फट लॉफ्टला, म्हणजे छपराखालच्या माळ्याला, हवा देते. बॉयलरचा फ्ल्यू (धूर बाहेर नेणारी नळी) आणि गॅसच्या पाइपाभोवतीची नळी यांना हातही लावायचा नाही, काही शंका आली तर गॅस सेफ नोंदणी असलेला माणूस बोलवायचा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नसेल तर फटींचं काम सुरू करायच्या आधी तो लावा. घरात लाकडाचा स्टोव्ह असेल तर हे सगळं सोडून आधी तो बसवणाऱ्याशी बोला.

भोक कसं शोधायचं

वाऱ्याचा, थंड दिवस निवडा. खिडक्या बंद, ट्रिकल व्हेंट तात्पुरते बंद, लॉफ्टची हॅच, म्हणजे वर चढायच्या भोकाचं झाकण, बंद. बाथरूमचे सगळे एक्झॉस्ट आणि स्वयंपाकघराचा हूड, तो खरोखर बाहेर हवा टाकणारा असेल तर, पूर्ण वेगाने चालू. पेटवलेला लाकडी स्टोव्ह असेल त्या दिवशी हे करू नका. पंखे घरातली हवा ओढतात आणि तेवढी हवा फटींतून आत येते. आता उदबत्ती घ्या. धूर सरळ वर जात असेल तर ठीक, आडवा पळाला तर हवा खोलीत शिरायची जागा सापडली. ती सॉकेट किंवा स्कर्टिंग असेल तर खरं भोक बोर्डामागे दुसरीकडे शोधायचं. पडद्यांपासून लांब राहा आणि राख झेलायला वाटी हातात ठेवा, नव्या कार्पेटवर पडलेला काळा ठिपका पुढे अनेक वर्षं भांडणाचा विषय होतो.

उदबत्तीपेक्षाही मला ओल्या हाताची पाठ जास्त उपयोगी वाटते. गार झुळूक तिला लगेच कळते. थर्मल कॅमेरा मिळाला तर उत्तम, काही ठिकाणी वाचनालयातून उसना मिळतो. आत-बाहेर किमान दहा अंशांचा फरक असताना तो वापरा. पंखे सुरू करायच्या आधी एक फेरी आणि अर्ध्या तासाने दुसरी. दुसऱ्या फेरीत जे नवे गार पट्टे उमटतात ते हवेचे. जे दोन्ही वेळा दिसतात ते बहुधा इन्सुलेशनच्या त्रुटीचे, त्यांचा इलाज वेगळा.

पैसे खर्चायची तयारी असेल तर टेस्ट करणारा माणूस खासगीत बोलवा आणि बोलावतानाच सांगा की आकडा नंतर, आधी पंखा चालू ठेवून मला घरभर फिरू दे. आमच्याकडे आलेल्या माणसाने पंखा लावून दिला आणि स्वतः जिन्यावर बसून डबा खाल्ला. मी तेवढ्या वेळात बाथटबची कड, लॉफ्टची हॅच, स्वयंपाकघराचं पायपॅनेल (कपाटांखालची फळी) असं सगळं फिरून पेन्सिलने खुणा केल्या. त्या आकड्यापेक्षा त्या खुणांचे पैसे वसूल झाले.

वर आणि खाली आधी, मध्ये नंतर

बाहेर शून्य आणि आत वीस अंश असेल तर गरम हवा वर चढते आणि दुमजली घराच्या तळ-माथ्यात चार-सव्वाचार पास्कलचा फरक पडतो. वारा नसला तरी पडतो. वरच्या छतातून गरम हवा निसटते आणि तेवढीच गार हवा तळमजल्याच्या फटींतून आत ओढली जाते. पायाला लागणारा वारा थांबवायचा तर लॉफ्टमध्ये चढावं लागतं ते यामुळे. मधल्या उंचीवरच्या फटींवर हा दाब नसल्यात जमा, त्यामुळे खिडकीच्या पट्ट्यांवर शनिवार घालवू नका.

लॉफ्टमध्ये चढताना मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट. पाय फक्त लाकडी तुळ्यांवर, त्यांच्यावर एक फळी टाकून घेतलेली बरी. तुळ्यांच्या मध्ये पाय पडला तर तो थेट खालच्या बेडरूममध्ये निघतो. तिथे इन्सुलेशनची सुमारे २७० मिलिमीटर जाडीची लोकर पसरलेली असते. लोक समजतात एवढ्या जाड लोकरीतून हवा काय जाणार. लोकर हवा अडवत नाही, फक्त गाळते. काही वर्षं जुन्या घरात लोकर उचलून तिची खालची बाजू बघा. जिथे खालून हवा येते तिथे धूळ गाळून तिचा काळपट डाग पडलेला असतो, आणि डागाच्या बरोबर खाली भोक सापडतं. नव्या घरात डाग अजून पडलेला नसतो, म्हणून हात फिरवून शोधायचं.

काय सापडतं? दिव्यांच्या वायरींची भोकं, बोटभर वायरीला अंगठ्याएवढं भोक. संडासाच्या पाइपाभोवती वीतभर चौकोन कापलेला, वर नुसती लोकर ढकललेली. आतल्या पोकळ पार्टिशन भिंतींचे माथे, ज्यांतून वायरी खाली उतरतात. थंडीत पहाटे गेलात तर छताच्या आतून खाली आलेल्या खिळ्यांच्या टोकांवर पांढरं दहिवर दिसेल. ती तुमच्या अंघोळीची वाफ आहे. दुपारी ती वितळून लोकरीत टपकते.

वायरीच्या बारीक फटीला अॅक्रिलिक सीलंट. पाइपाभोवतीच्या मोठ्या चौकोनाला आधी प्लास्टरबोर्डचा किंवा प्लायचा तुकडा पाइपाच्या आकाराने दोन अर्ध्यांत कापून बसवा, मग कडांना सीलंट. रबराची बाही आणि टेप असलेले तयार तुकडेही मिळतात, महाग पण टिकाऊ. इलेक्ट्रिक शॉवरसारख्या जड वायरी डब्यातून मारायच्या फुगणाऱ्या फोममध्ये पुरू नका, त्या तापतात. काम झालं की लोकर पुन्हा जशी होती तशी, दाबून न बसवता.

हॅचला चारही बाजूंनी दबणारी रबरी पट्टी लावा. झाकण नुसतं स्वतःच्या वजनाने टेकलेलं असेल तर पट्टी दबत नाही. दोन छोट्या कड्या लावून ते ओढून बसवा. काम अर्ध्या तासाचं आहे, आणि अख्ख्या घरात यापेक्षा स्वस्तात जास्त फायदा देणारं दुसरं काम मला सापडलेलं नाही.

पायपॅनेलच्या मागे

आता खाली. स्वयंपाकघराच्या कपाटांखालची लांब फळी क्लिपांवर असते, खालून ओढली की निघते. पोटावर झोपून टॉर्च मारा. आमच्याकडे सिंकच्या ४० मिलिमीटरच्या पाइपासाठी ब्लॉकमध्ये मूठ जाईल एवढं भोक पाडलं होतं, बाहेरच्या विटेत पाइपाभोवती सिमेंट नीट भरलेलं, आत काहीच नाही. भोकाच्या तोंडाशी बोर्ड ओबडधोबड तोडलेला आणि त्या तुटक्या कडेमागे तीच पोकळी, टॉर्चच्या उजेडात सरळ दूरवर दिसणारी. उदबत्ती धरली तर विझेल की काय असा वारा. हॉलमधल्या टीव्हीमागच्या सॉकेटातून येणारा वारा हाच होता, ते मधली भिंत आडवी असूनही. सॉकेटला हात न लावता तो थांबला.

अशा भोकात दोन कामं करायची. पाइप आणि ब्लॉक यांच्यातली फट भरायची, आणि बोर्डाची तुटकी कड ब्लॉकला चिकटवून बंद करायची. दुसरं काम लोक विसरतात. फोम वापरायचा तर आधी भोकातली धूळ काढा, फवाऱ्याने पाणी मारा, कारण फोम ओलाव्यावर घट्ट होतो, आणि अर्धंच भोक भरा, बाकीचं तो स्वतः फुगून भरतो. हातमोजे घातल्याशिवाय डब्याला हात लावू नका. बोटाला लागलेला फोम धुऊन जात नाही, आठवडाभर मिरवावा लागतो. सुकल्यावर जास्तीचा कापा आणि वरून सीलंटचा हात द्या. ५-६ मिलिमीटरपर्यंतच्या फटीला फोम नकोच, सीलंट पुरे. खोल फटीत आधी फोमची गोल दोरी ढकलायची, म्हणजे सीलंट दोन्ही कडांना धरून ताणतं आणि फाटत नाही.

हाच प्रकार बाथटबच्या पॅनेलमागे, संडासाच्या पाइपाला केलेल्या लाकडी खोक्यात, वॉशिंग मशिनच्या मागे, बॉयलरच्या कपाटात. टबच्या मागे तर बऱ्याचदा भिंतीला बोर्डच लावलेला नसतो, टब आला आणि मागचं कोणी बघितलं नाही. संडासाचं खोकं तळमजल्यापासून लॉफ्टपर्यंत सलग धुराड्यासारखं असतं, म्हणून त्याला वर लॉफ्टमध्ये आणि खाली जमिनीशी, दोन्हीकडे बंद करावं लागतं. बाहेरच्या मीटरच्या पेटीतून आत येणाऱ्या मोठ्या केबलचं भोक हाही नेहमीचा गुन्हेगार आहे, पण ती पेटी आपण उघडायची नाही. बिल्डरला लिहा.

स्वयंपाकघराच्या छतातल्या गोल दिव्यांतून वारा येत असेल तर तो दोन मजल्यांच्या मधल्या पोकळीतला आहे. दिवे बदलून काही होत नाही. हवा तिथे बाहेरच्या भिंतीत रुतलेल्या तुळ्यांच्या टोकांशी शिरते, आणि ते बुजवायला वरच्या मजल्याची जमीन उचकटावी लागते. मी ते काम स्वतः न करता बिल्डरच्या यादीत टाकते.

दारं

दारांचं थोडक्यात. कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. सहज निघाली तर तिथे रबर दबत नाही. बिजागरीवरची झाकणं काढली की षट्कोनी चावीने दार इकडेतिकडे सरकवता येतं, कडीच्या बाजूचे खाचेही हलवता येतात. पण त्याआधी एक बघा. इथल्या दारांना हँडल वर उचलून मगच किल्ली फिरवायची असते. उचललं की वरखालचे हुक अडकून दार चौकटीवर ओढलं जातं. आमच्या सासूबाई सहा महिने राहिल्या तेव्हा दार नुसतं लोटून ठेवत, आणि पाहुण्यांना बाहेर थांबवायला लागू नये म्हणून ते तसंच हवं हा त्यांचा आग्रह. त्या काळात पॅसेज दोन अंशांनी गार असायचा, आणि त्यावर वाद घालायची माझी हिंमत नव्हती.

बिल्डरला कधी सांगायचं

दहा वर्षांच्या वॉरंटीतली पहिली दोन वर्षं बहुतेक वेळा बिल्डरची जबाबदारी असते. सुकताना पडणाऱ्या केसाएवढ्या भेगा ते घेत नाहीत, आणि तो आग्रह धरूही नये. त्या भेगा वर्षभर थांबूनच भराव्यात, घर पुरतं सुकू द्यावं. पाइपाभोवतीचं उघडं भोक ही सुकण्याची भेग नाही. फोनवर बोलू नका, ईमेल करा, आणि 'घर गार आहे' असं लिहू नका. 'स्वयंपाकघरात सिंकच्या पाइपाभोवती आतल्या ब्लॉकमध्ये साधारण ३० मिलिमीटरची उघडी फट आहे, बोर्डाची कड सील नाही, फोटो जोडला आहे' असं लिहा. आमच्या साइट मॅनेजरचं पहिलं उत्तर 'नवी घरं श्वास घेतात' असं होतं. मी त्याला टेस्टचं प्रमाणपत्र आणि फोटो एकाच मेलमध्ये पाठवले. पुढच्या आठवड्यात माणूस आला. आल्याआल्या त्याने स्कर्टिंगवर कॉक फिरवायला घेतलं, तेव्हा त्याला पायपॅनेलमागे झोपवावं लागलं ही गोष्ट वेगळी.

फटी गेल्या, आता फोडणीचं काय

आपल्या स्वयंपाकाचा विषय इथल्या पुस्तकांत येत नाही. कुकरच्या शिट्ट्या, फोडणी, तव्यावरची पोळी, वर थंडीत घरातच वाळत घातलेले कपडे. फटी असताना ही वाफ कशीबशी निघून जात होती. फटी बुजवल्यावर तिला वाट करून देणं आपलं काम.

बऱ्याच नव्या घरांत शेगडीवरचा हूड हवा बाहेर टाकतच नाही, कोळशाच्या गाळणीतून फिरवून परत खोलीत सोडतो, आणि बाहेर टाकणारा पंखा छतात वेगळा असतो. कुठला काय करतो ते बाहेर जाऊन, भिंतीवरची जाळी पंखा चालू असताना बघून ठरवा. अधूनमधून चालवायच्या पंख्यासाठी नियम सेकंदाला ३० लिटर सांगतो, तो शेगडीवरचा बाहेर टाकणारा हूड असेल तर. हूड नसून दुसरीकडे पंखा असेल तर ६०. बाथरूमला १५. मोजायचं यंत्र नसेल तर टॉयलेट पेपरचा एक पदर जाळीवर धरा. तो चिकटून राहायला हवा. गळून पडला तर बहुतेक वेळा लॉफ्टमधली लवचिक नळी चेपलेली, किंवा तिच्यात पाणी साचून पोट आलेलं असतं.

पंखा ओढेल तेव्हा खोलीत हवा यायला आतल्या दारांखाली १० मिलिमीटरची फट लागते, आणि ती कार्पेटच्या वर मोजायची. जाड कार्पेट घातल्यावर दार घासायला लागलं असेल तर ते खालून तासून घ्या. हवाबंद करायच्या नादात या दारांखाली कापडी साप ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. ती फट ठेवायचीच आहे.

एक आर्द्रतामापक बेडरूममध्ये ठेवा. आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांत असावी. सकाळी काचेवर पाणी आणि आकडा ७० असेल तर ट्रिकल व्हेंट बंद आहेत का बघा. जमलं तर कार्बन डायऑक्साइडचा मीटरही घ्या. दोन माणसं दार लावून झोपली तर पहाटेपर्यंत त्यावरचा आकडा १५०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांमागे इतके भाग) वर जातो की १००० च्या आसपास राहतो, यावरून वायुवीजन पुरतंय की नाही ते कळतं. नुसत्या ट्रिकल व्हेंट आणि बाथरूमच्या पंख्यांवर चालणारी रचना फार हवाबंद घरासाठी नाही. इंग्लंडच्या वायुवीजनाच्या नियमांत त्यासाठी सीमा आखली आहे: प्रत्यक्ष मोजलेला आकडा ३ किंवा त्याखाली आला की ती पुरेशी धरत नाहीत, सतत चालणारा यांत्रिक पंखा लागतो. पाचाचा चार करणाऱ्याला याची चिंता नाही. तुम्ही झपाटून तिनाखाली गेलात, तर पुढचा खर्च सीलंटच्या नळ्यांवर न करता पंख्यावर करायचा.

सीलंट ताणलं जातं, फोम आकसतो, लाकूड हलतं. दुसऱ्या हिवाळ्यात, दोन वर्षं भरायच्या आधी, वाऱ्याचा एक दिवस बघून पंखे लावा आणि पुन्हा ओल्या हाताने तीच फेरी मारा: हॅच, पाइपाचं खोकं वरखाली, टबची मागची बाजू, पायपॅनेल. जे फाटलेलं सापडेल त्याचा फोटो काढून त्याच आठवड्यात मेल करा.